कॉटेज राहू द्या, आधी पॉलिसीची तारीख बघा

डोंबिवलीच्या एका वाचकांचं पत्र, थोडक्यात असं: ‘वय ५१, खासगी नोकरी, महिना १ लाख १५ हजार हातात येतात. मुलगी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. गुहागरजवळ वडिलोपार्जित वाडी आहे, समुद्र दहा मिनिटांवर. तिथे फक्त जोडप्यांसाठी छोटं कॉटेज बांधायचंय. एक खोली, पडवी, स्वयंपाकघर. पाहुण्यांनी आपलं आपण करून खायचं. खर्च २५ लाख, त्यातले २० लाख राहत्या फ्लॅटवर कर्ज. रात्रीला ३५०० आणि वर्षात २०० रात्री धरल्या तर ७ लाख येतील. कर्ज घ्यावं का? नुकतीच १५ लाखांची एफडी सुटली, त्यातून बँकेतल्या मॅडमनी एक गॅरंटीड योजना दिली आहे: वर्षाला ५ लाख, १० वर्षं. कॉटेजच्या कमाईतून तिचे हप्ते जातील, आणि पुढे तिच्या पैशांतून कॉटेजचं उरलेलं कर्ज फिटेल. कागद दसऱ्याला हातात आले, पूजेतही ठेवले.’

तुम्ही विचारलंत कॉटेजबद्दल, पण मी पत्र वाचून खाली ठेवलं ते ‘दसऱ्याला’ या शब्दावर. मॅडमनी दिलेली ‘गॅरंटीड योजना’ म्हणजे आयुर्विम्याची पॉलिसी, आणि ती हातात पडल्यापासून ३० दिवसांत कारण देऊन परत करता येते. थोडी मुद्रांक शुल्काची, वैद्यकीय तपासणीची आणि तेवढ्या दिवसांच्या विमा-संरक्षणाची रक्कम कापून हप्ता परत मिळतो. ईमेलवर आधी आली असेल तर दिवस तिथपासून मोजतात. म्हणून हे उत्तर छापून येईपर्यंत थांबलो नाही, त्याच संध्याकाळी तुम्हाला कळवलं. अर्ज लेखी द्या आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. मॅडम चहा मागवतील, ‘सर, एवढी चांगली स्कीम’ म्हणतील. चहा घ्या, पोचही घ्या.

आता ‘चांगली स्कीम’ म्हणजे काय ते बघू. १० वर्षं ५-५ लाख भरायचे, मग बाराव्या वर्षाच्या अखेरीपासून १० वर्षं ९-९ लाख घ्यायचे. ‘५० चे ९० लाख’ असं तुम्हाला सांगितलं गेलं. ते खरं आहे आणि त्यात काही अर्थ नाही. तुमच्या प्रत्येक ५ लाखाचे ९ लाख व्हायला १२ वर्षं लागतात. ६ टक्क्यांनी १२ वर्षांत पैसे दुप्पट होतात. इथे तेही होत नाहीत. म्हणजे जेमतेम ५ टक्के. जी एफडी सुटली तिचा दर आठवून बघा. आणि हप्ता नेमका ५ लाखच का? वर्षाला ५ लाखांच्या वर हप्ता गेला तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या अशा पॉलिसीचे मिळणारे पैसे करपात्र होतात, म्हणून. तुमच्या घरखर्चाकडे बघून तो आकडा कुणी काढलेला नाही.

५ लाख म्हणजे महिना ४२ हजार. कर्जाचा हप्ता साडेनऊ टक्क्यांनी, १५ वर्षांसाठी, २१ हजार. पगारातले ५२ हजार उरतात, त्यात घर आणि मुलीची फी. अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरी संपली की पॉलिसीचे तीन हप्ते अजून बाकी, आणि तिचा पहिला रुपया तुम्हाला त्रेसष्टाव्या वर्षी दिसणार. तोवर पॉलिसीला कॉटेजने तारायचं, कॉटेजला पॉलिसीने. बुडत्याला बुडत्याचाच आधार.

राहिलं कॉटेज. २०० रात्री कुठून आणल्या? जून ते सप्टेंबर सोडून द्या. ऑक्टोबर ते मे साधारण ३५ शनिवार; त्यातले ३० भरले असं धरू. मुंबईहून गुहागर सात तास, त्यामुळे शुक्रवारच्या रात्री फार तर १५. दिवाळी, नाताळ, मे मिळून ३०. झाल्या ७५ रात्री, म्हणजे २ लाख ६० हजार, आणि हेही मी सढळ हाताने धरलंय. बुकिंग साइटचे ४० हजार, गड्याचा पगार लाखभर, वीज-धुलाई-डागडुजी ५० हजार. उरले ७० हजार. कर्जाचे हप्ते वर्षाला अडीच लाख.

शिवाय गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला येणारी मंडळी गाडी भरून येतात, आजीसकट. ती तुमच्या एका खोलीत मावणार नाहीत. आणि दोन दिवसांची सुट्टी काढून आलेल्या जोडप्याला सुरमई आणि सोलकढी हवी असते, शेगडी आणि लायटर नको.

गावच्या घरात चुलतभाऊ राहतो असंही तुम्ही लिहिलंय. त्याच घराच्या दोन खोल्या ३-४ लाखांत नीट करा, न्हाणीघर-संडास चांगले बांधा, वहिनी तयार असतील तर जेवण त्यांच्याकडे आणि त्याचे पैसेही त्यांचेच. पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी होते का ते विचारा. दोन हंगाम हिशेबाची वही ठेवा. फ्लॅटला हात लावू नका.

आणि समुद्र दहा मिनिटांवर म्हणता, ते चालत की गाडीने? भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे, नियम येतात, वाळूच्या जवळच्या पट्ट्यात तर नवं बांधकाम बहुधा होतच नाही. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा ताजा सातबारा काढा आणि त्यावर किती नावं आहेत ते कळवा. आत्यांची नावं नसतील असं तुम्हाला वाटतंय. असतील.