थांबलं म्हणजे गेलं नव्हे

पोरा,

रविवारी तू आलास. दीड तास बसलास, पोहे खाल्लेस, सोन्याच्या भावावर आणि तुझ्या साखरपुड्याच्या खर्चावर बोललास. जाताना चपला पायात सरकवता सरकवता हळूच विचारलंस, "काका, मागं एकदा लघवीला जळजळ झालेली, थोडा पू पण आलेला. मेडिकलमधनं गोळ्या घेतल्या, चार दिवसांत थांबलं. आता काही नाही. तरी तपासायला लागतं का?" मी "लागतं" एवढंच म्हणालो, तोवर तुझी काकू बाहेर आली आणि तू गाडी चालू केलीस. फोन केला असता तर तू नुसतं "हो काका, हो काका" केलं असतंस. म्हणून लिहितोय.

थांबलं म्हणजे गेलं नव्हे.

तू गलाईतला, सोनं-चांदी गाळणारा आहेस, तुला तेजाबाचं, म्हणजे ॲसिडचं, सांगायला नको. चांदी तेजाबात विरघळली की भांड्यात काय दिसतं? निळसर पाणी, तळ दिसावा इतकं आरपार. नवखा पोऱ्या असला तर ओतून देईल. त्यात मीठ टाकलं की दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो, तेव्हा कळतं की चांदी कुठं गेली नव्हती, तिथंच होती. तपासणी म्हणजे ते मीठ. पाण्याकडं बघून "स्वच्छ आहे" म्हणणारा माणूस आपल्या धंद्यात एक दिवस टिकत नाही, आणि स्वतःच्या अंगाबाबत मात्र तू तेच म्हणतोयस.

आपल्याकडं ज्याला परमा म्हणतात तो गोनोरिया. त्याच्यासोबत पुष्कळदा क्लॅमिडिया नावाचा दुसरा जंतू असतो, आणि तो चोरपावलांचा आहे. अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांनी पू थांबतो, जळजळ थांबते, हा आतच बसून राहतो. पुरुषाला बऱ्याचदा काही जाणवत नाही. बाईला तर दोन्हींत बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. कधी अंगावरून पांढरं जातं, कधी ओटीपोटात दुखतं, पण त्यासाठी आपल्याकडची कुठली नवी सून तोंड उघडते? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या, 1989 साली ते छापून आलं. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. मी हे वाचलं तेव्हा उशीर झाला होता. ते साल आमच्या लग्नाचं.

आता माझं सांगतो. हे पत्र काकूला वाचून दाखवलं आहे, त्यामुळे तिच्यामागं बोलतोय असं समजू नकोस.

1988 च्या दिवाळीनंतर मी कोइमतूरला होतो. तिथं जे झालं ते झालं, त्याचं वर्णन तुला नको आणि मलाही नको. आठ दिवसांनी लघवीला आग, चड्डीला पू. भाषा येत नव्हती. शेठला कळलं असतं तर पुढच्या गाडीनं विट्याला धाडलं असतं, आणि गावात काय तोंड दाखवणार? शेजारच्या दुकानातल्या पोरानं कॅप्सूल आणून दिल्या. दोन दिवस घेतल्या, पू कमी झाला, उरलेल्या पेटीत ठेवून दिल्या. मी बरा झालो असं मला मनापासून वाटलं. पुढच्या वैशाखात लग्न.

त्याच आषाढात काकूचं ओटीपोट धरलं. ताप आला, चालता येईना. आई म्हणाली, नळ भरलेत. ओवा गरम करून शेकलं, हिंगाचा लेप लावला. पाच-सहा दिवसांत ती उठली आणि खुरपायला गेली. तिचंही थांबलं. सगळ्या घरानं म्हटलं, थांबलं.

थांबलं नव्हतं. गर्भपिशवीच्या दोन बाजूंना ज्या नळ्या असतात, त्यांची आतली वाट एखाद्या धाग्यापेक्षा फार मोठी नसते. सूज येऊन गेली की तिथं जखम भरते, पण भरताना चिकटून भरते. स्वीडनमध्ये लुंड शहरात अशा बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. एकदा सूज येऊन गेलेल्या 100 जणींमागं साधारण 8 जणींना नळ्यांमुळं मूल होईना. दोनदा आलेल्यांत 20, तीन किंवा जास्त वेळा आलेल्यांत 40. कधी वाट पूर्ण बंद होत नाही, मग गर्भ नळीतच अडकतो, आणि ती फुटली तर बाईच्या जिवावर बेतते.

पाच वर्षं आम्ही खरसुंडीचा सिद्धनाथ केला, रेणावीचा रेवणसिद्ध केला, औदुंबरला पाच पौर्णिमा केल्या. 1994 साली मिरजेला गेलो. माझी वीर्याची तपासणी झाली, रिपोर्ट चांगला आला. तो कागद आईनं भावकीत दाखवला. काकूच्या गर्भपिशवीत औषध सोडून नळ्यांचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मधे पांढरा त्रिकोण, दोन्ही बाजूंना पांढरी रेघ, आणि दोन्ही रेघांच्या टोकाला फुगा. औषध बाहेर सांडायला हवं होतं, ते फुग्यात अडकलं होतं. टीबीची पण तपासणी केली, कारण आपल्याकडं त्यानंही नळ्या जातात. काही निघालं नाही. मग डॉक्टरांनी काकूला बाहेर बसवून मला विचारलं, "लग्नाआधी लघवीचा काही त्रास झाला होता का?"

मी नाही म्हणालो.

पहिल्या पाच वर्षांचा मी गुन्हेगार नाही, हे मी आजही म्हणतो. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि 1988 साली परक्या मुलखात वीस वर्षांच्या पोरानं तपासणी मागायची म्हणजे कुठं आणि कुणाकडं? तूही माझ्या जागी तेच केलं असतंस. पण त्या खोलीत मला कळलं होतं, आणि त्यानंतर नऊ वर्षं मी गप्प बसलो. त्या नऊ वर्षांत तिला बारशाला बोलवायचं बंद झालं. ओटी भरायला तिचा हात नको झाला. आईनं दुसऱ्या मुलीचं स्थळ आणलं, मी नाही म्हणालो, आणि गावानं माझं कौतुक केलं. म्हणे बायकोला पोर होत नाही तरी टाकली नाही, देवमाणूस आहे. पोरा, ते कौतुक मी ऐकून घेतलं. मला आजही त्याची लाज वाटते, पू आला होता त्याची वाटत नाही.

2003 साली तिला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. हात थांबवून तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे पहिल्या आषाढात दुखलं, ते हेच?" मी हो म्हणालो. महिनाभर ती ताट वाढून ठेवायची आणि मागच्या दारी जाऊन बसायची. मग एक दिवस म्हणाली, "आईंना सांगा." सांगितलं. आई त्यानंतर तिच्यासमोर कधी आवाज चढवून बोलली नाही.

तेव्हापासून मी हट्टाला पेटलोय, हे तू ऐकून आहेसच. आपल्या तालुक्यातली किती पोरं मी दवाखान्यात नेली ते मोजलं नाही. लोक म्हणतात, काका लग्नघरात नको ते विषय काढतात. काढतो. 1992 पासून सांगलीत 'संग्राम' संस्थेच्या कामात धंदा करणाऱ्या बायकांनी एकमेकींना निरोध वाटले, एकमेकींना दवाखान्यात नेलं. आपण ज्यांना नावं ठेवली त्यांनी हे लाजेशिवाय केलं, आणि आपण घरंदाज म्हणवणारे एक चिठ्ठी लिहून घ्यायला लाजतो!

तू एक वाक्य बोललास ते माझ्या डोक्यातून जात नाही. "आणि काही झालंच तर आता आयव्हीएफ आहे की." हे तू कसं बोललास? आयव्हीएफला, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीला, लाखांत पैसे जातात, एका फेरीत होईलच असं नाही, आणि इंजेक्शनं तुझ्या पोटात नाही, तुझ्या होणाऱ्या बायकोच्या पोटात टोचतात. तुझी तपासणी म्हणजे एक बाटली लघवी आणि थोडं रक्त. ती बावीस वर्षांची आहे. कोवळ्या वयात हे जंतू लवकर धरतात, म्हणून अमेरिकेत 25 वर्षांच्या आतल्या, संबंध येणाऱ्या बायकांची दरवर्षी तपासणी करा असं तिथलं आरोग्य खातं सांगतं, काही त्रास नसला तरी. त्रास नसला तरी, हे शब्द दोनदा वाच.

आता काय करायचं ते. सिव्हिलला आणि मोठ्या सरकारी दवाखान्यांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, अशाच आजारांसाठीचं, पैसे पडत नाहीत. पण तिथला उपचार बराचसा लक्षणांवर चालतो, आणि तुला आज लक्षण नाही. म्हणून नुसतं "काही त्रास नाही" म्हणून बाहेर येऊ नकोस. मागं काय झालं होतं, कधी, कुठल्या गोळ्या, किती दिवस घेतल्या, सगळं सांग. मी डॉक्टरांना नाही म्हणालो तसं म्हणू नकोस. क्लॅमिडिया आणि गोनोरियाची लघवीची पीसीआर तपासणी मागायची, ती लघवीतला जंतूचा अंश शोधते. तिथं होत नसेल तर बाहेरच्या लॅबमधून. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, मोफत होते, नाव बाहेर जात नाही, तसा 2017 चा कायदाच आहे. गरमीसाठी, म्हणजे सिफिलिससाठी, व्हीडीआरएल आणि बी प्रकारच्या काविळीची (हिपॅटायटिस बी) तपासणी, ही दोन्ही रक्तातूनच होतात. आधी काही विचारायचं असेल तर 1097 या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन कर, पैसे लागत नाहीत.

निघालं तर औषध पूर्ण घ्यायचं, तिथल्या डॉक्टरांनी दिलं तेच, मेडिकलवाल्याचं नाही. गोनोरियाचा जंतू जुन्या औषधांना दाद देईनासा झालाय. आणि तीन महिन्यांनी परत तपासणी. त्या मागच्या प्रकारातली जी कोणी होती, तिलाही कळवायला हवं. ते तुला नको वाटणार, मला माहीत आहे. तिच्याही नळ्या आहेत.

लग्नाची तारीख पुढं ढकलावी लागली तर कारण मी सांगेन, माझ्यावर ढकल. मुलीला सांगायचं का, हे तू विचारलं नाहीस, तरी माझं मत ऐक. सांग. मी चौदा वर्षं लावली, म्हणून मला बोलायचा हक्क नाही असं तुला वाटेल, आणि मला वाटतं तो माझ्याइतका कुणालाच नाही. पण आधी तपासणी. रिपोर्ट हातात नसताना नुसती कबुली दिली तर तिच्या हातात फक्त भीती पडते.

काकूनं एक गोष्ट लिहायला सांगितलीय, तिच्याच शब्दांत: "त्याला म्हणावं, लग्नानंतर पोरीचं पोट कधी दुखलं तर ओवा शेकत बसू नका, त्याच दिवशी गाडी काढा."

सोमवारी सकाळी ये. मी सांगली स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी थांबतो. तपासणीला पहिल्या धारेची लघवी लागते आणि त्याआधी निदान तासभर लघवी केलेली चालत नाही. तासगावला गाडी थांबेल, तिथं जायचं असेल तर जा. त्यानंतर सांगलीपर्यंत धीर धर.

तुझा,
काका