कमरेच्या मणक्याचं फ्युजन (मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन) झालंय. फिजिओथेरपी खरंच लागते का, कधीपासून?

लागते. पण पहिल्या काही आठवड्यांचा मुख्य व्यायाम म्हणजे चालणं. बहुतेकांना ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच उभं करतात. आधी घरातल्या घरात, मग हळूहळू अंतर वाढवायचं. तुम्ही नाशिकचे असाल, तर कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक सपाट आहे. पांडवलेणीच्या पायऱ्या सध्या विसरा.

ऑपरेशनमध्ये बसवलेले स्क्रू-रॉड मणके नुसते धरून ठेवतात. खरा जोड हाड धरल्यावर बसतो, त्याला साधारण 6 ते 12 महिने लागतात. म्हणून वाकणं, पिळणं, वजन उचलणं बंद. खाली मांडी घालून बसणं आणि खड्ड्यांतून स्कूटरही सर्जन हो म्हणेपर्यंत नको. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा, मग हातावर जोर द्या.

पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारी थेरपी बहुधा 6 ते 12 आठवड्यांनी सुरू होते. यूट्यूब बघून भुजंगासन तर मुळीच करू नका! आणि तंबाखू, सिगारेट सोडाच; निकोटीनमुळे हाड जुळायला अडथळा येतो.

ताप, जखमेतून पाणी, पायात नवी कमजोरी किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर फिजिओची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.