छायाचित्रणाच्या प्रवेशअर्जात स्वतःची पार्श्वभूमी आणि प्रेरणा देणाऱ्या कलाकृती यांविषयी काय लिहावे?

तुम्ही प्रश्नात लिहिले आहे की घरात कोणी कलावंत नाही, वडिलांचे पासपोर्ट फोटो काढणारे आणि लग्नाच्या ऑर्डरी घेणारे दुकान आहे, तेव्हा अर्जासोबतच्या एक पानी निवेदनात हे सांगावे की टाळावे, आणि प्रेरणास्थान म्हणून कोणत्या जगप्रसिद्ध छायाचित्रकारांची नावे दिली तर छाप पडेल. दुकानाचे सांगा, आणि पहिल्याच परिच्छेदात सांगा. फोटोचे दुकान असलेल्या घरात कोणी कलावंत नाही हे तुम्ही कशावरून ठरवले, ते मला कळलेले नाही. नावांविषयी मात्र सविस्तर लिहिते, कारण याच मुद्द्यावर एका परीक्षकांनी मला गप्प केले होते आणि ते अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

मी छायाचित्रणाच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील आमच्या गावी आजोबांचा स्टुडिओ होता आणि पंचक्रोशीत त्यांचे नाव होते ते रिटचिंगसाठी, म्हणजे नेगेटिव्हवरच हाताने चेहऱ्यातले दोष घालवण्यासाठी. खिडकीशी एक उतरते लाकडी मेज असे, त्यात दुधी काच बसवलेली आणि खाली आरसा, म्हणजे उजेड खालून वर येई. काचेवर नेगेटिव्ह ठेवायची, पेन्सिल धरावी म्हणून तिच्यावर आधी पातळ रोगणाचा हात द्यायचा आणि मग पॉलिश पेपरवर घासून सुईसारखे टोक काढलेल्या पेन्सिलीने, भिंग लावून, बारीक ठिपके भरत जायचे. नेगेटिव्हवर जेथे काळे होईल तेथे प्रिंटवर उजळते, त्यामुळे डोळ्यांखालची सावली किंवा देवीचे वण घालवायचे म्हणजे सगळा विचार उलटा करावा लागे. लग्नासाठी दाखवायच्या फोटोंत ते वण पुसत, तीळ मात्र ठेवत. तो पुसला तर आईसुद्धा मुलीला ओळखणार नाही, असे त्यांचे म्हणणे असे. हे सारे आजोबांनी मला त्याच मेजाशी बसवून दाखवले, तोवर बाबांनी डिजिटल कॅमेरा घेऊन बरीच वर्षे झाली होती.

त्या मेजाच्या वर भिंतीवर जुन्या कॅलेंडरमधून कापून चौकटीत बसवलेले एक चित्र होते: हातात दिवा घेतलेली आणि दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी स्त्री. येणारा प्रत्येक माणूस ते राजा रविवर्म्याचे समजे आणि आजोबा प्रत्येकाला सांगत की ते सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे आहे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ओळखले जाणारे, १९४५-४६च्या सुमाराचे हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे, आणि त्यासाठी चित्रकाराची स्वतःची मुलगीच उभी राहिली होती.

तोंडी परीक्षेत मला विचारले गेले की तुमच्या कामामागे कोणती कलाकृती आहे, आणि मी या चित्राचे नाव घेतले. ‘ते कॅलेंडरवरचे?’ असे म्हणून परीक्षक हसले आणि पुढे म्हणाले, ‘गावातल्या स्टुडिओचा तुमच्यावर फार पगडा आहे, तो आधी उतरवा.’ गुण त्यांच्या हातात होते, म्हणून मी गप्प राहिले. येथे तशी अडचण नाही.

ज्या चित्राला कॅलेंडर म्हणून निकालात काढले गेले ते तैलरंगात नसून जलरंगात आहे. पारदर्शक जलरंगात उजेड मागाहून लावता येत नाही. सर्वात उजळ जागा म्हणजे रंगाविना राखून ठेवलेला कागद असतो, आणि तो कोठे राखायचा हे पहिला हात मारण्यापूर्वी ठरवावे लागते. ज्योतीपुढे धरलेल्या बोटांतून झिरपणारा तांबूसपणा आणि चेहऱ्यावर पडलेला उजेड हळदणकरांनी या हिशेबाने साधला आहे. डार्करूममधल्या प्रिंटचा न्याय हाच आहे, कारण तेथेही पांढरे म्हणजे कागदाचेच पांढरे. डिजिटल कॅमेऱ्यात तर उजळ भाग एकदा पूर्ण जळला, म्हणजे निव्वळ पांढरा झाला, की तेथे काहीच नोंदलेले नसते, आणि कोणतीही प्रणाली ते परत आणू शकत नाही. मी आज एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, ठरवताना आधी उजळ जागा पाहते आणि सावलीचे नंतर बघते, ते या चित्रामुळे आणि त्या दुधी काचेमुळे. याला पगडा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

दुसरे नाव मी चित्रकार आबालाल रहिमान यांचे घेते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला आणि कोटितीर्थाचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. ठिकाण बदलले की फोटो बदलतो या समजुतीने दर सुट्टीत लडाख गाठणाऱ्या माझ्या वर्गमित्रांनी ती निसर्गचित्रे एकदा पाहावीत. तिसऱ्या होमाई व्यारावाला, त्याही जे. जे. च्याच. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली जात, तरी पुढे स्वातंत्र्याच्या काळातील दिल्ली आपण त्यांच्याच नजरेने पाहिली, आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. आणि छायाचित्रण ही आपल्याकडची परंपराच नव्हे असे कोणी ऐकवले, तर १८५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही होते, एवढे त्यांना सांगा.

याचा अर्थ परदेशी छायाचित्रकार पाहू नयेत असा नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्या निवेदनांत आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे नाव होते, पण तेही तरुणपणी आंद्रे लोत यांच्याकडे चित्रकला शिकले होते, ही गोष्ट त्यांतल्या एकानेही लिहिली नव्हती. ज्या छायाचित्राविषयी प्रकाश कोठून येतो, चौकट कोठे कापली आहे आणि तेथेच का कापली आहे हे चार वाक्यांत सांगता येईल, त्याचे नाव जरूर घ्या, मग ते कोणत्याही देशातले असो. नुसती नावांची माळ मात्र नको.

स्टुडिओची परंपरा सगळीच गोड होती, असेही लिहू नका. वधूच्या फोटोत वणांबरोबर सावळा रंगही उजळून दिला जाई. आमच्याकडेही तसेच चाले आणि मुलीकडचेच लोक ते मागत. तुमच्या वडिलांकडे आज हेच काम संगणकावर होत असेल, तर त्याविषयी तुमचे जे मत असेल ते निवेदनात येऊ द्या. वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याविषयी बरेच कळेल.

एक पान आहे, तेव्हा तीनपेक्षा अधिक कलाकृती घेऊ नका. दुकानातली काही छायाचित्रे पोर्टफोलिओत जोडणार असाल तर आधी वडिलांकरवी त्या ग्राहकांची परवानगी घ्या, विशेषतः लग्नाच्या अल्बममधल्या फोटोंसाठी.