‘इट कॅन रेन’ म्हटलं तर काय बिघडलं?

ह्या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आलाय, की आपलं "कदाचित", "बहुतेक", "असेल" हे इंग्रजी बोलणारे लोक रोजच्या बोलण्यात कसं म्हणतात. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न (नाशिकहून एक आजी): माझी मुलगी मँचेस्टरला असते. परवा व्हिडिओ कॉलवर नातीला म्हटलं, "इट कॅन रेन टुडे, टेक अम्ब्रेला." तर ती म्हणाली, आजी, "माइट रेन" म्हण. मी "पाऊस पडू शकतो" ह्याचंच तर इंग्रजी केलं होतं! शकतो म्हणजे कॅनच ना?

उत्तर: आजी, नातीचं बरोबर आहे, पण तुमचा विचारही चुकीचा नाही, घोळ आपल्या "शकणे" ह्या क्रियापदात आहे. आपण एकाच "शकतो"ने दोन वेगळ्या गोष्टी सांगतो आणि आपल्याला त्यात काही अडत नाही. "पुण्यात ऑक्टोबरमध्येही पाऊस पडू शकतो" म्हणजे एरवी असं घडतं, पुण्याचं हवामानच तसं आहे. इथे इंग्रजीत "कॅन" अगदी फिट बसतं. पण "आज पडू शकतो" म्हणताना आपण आभाळाकडे बघून आजच्या दिवसाबद्दल अंदाज करत असतो, आणि इंग्रजी माणूस असा अंदाज "कॅन"ने करत नाही, तिथे तो "माइट", "कुड" किंवा "मे" घेतो. इट माइट रेन, इट कुड रेन. रोजच्या बोलण्यात "माइट" आणि "कुड" जास्त ऐकू येतात, "मे" थोडं लेखी वळणाचं वाटतं.

गंमत बघा, "शक्यता" हा शब्द संस्कृत "शक्" धातूतून आलाय, त्यातूनच "शक्ती" आली. आणि इंग्रजीतलं "मे" पण मुळात ताकद असणे, जमणे अशाच अर्थाचं होतं, "माइट" हे त्याचं भूतकाळी रूप, आणि "माइट" नावाचं नाम आजही तिकडे बळ ह्या अर्थाने वापरतात. म्हणजे दोन्ही भाषा ताकदीपासून निघाल्या आणि शक्यतेपर्यंत पोचल्या, फक्त आपण तेच जुनं क्रियापद सगळीकडे वापरत राहिलो आणि त्यांनी कामं वाटून दिली.

आता "असेल" बद्दल, कारण खरी गडबड तिथेच होते. "तो दमला असेल" ह्याचं आपण "ही विल बी टायर्ड" करतो, किंवा इकडच्या सवयीने "ही वुड बी टायर्ड". दिवसभर काम करून आलेल्या माणसाबद्दल तिकडे म्हणतील "ही मस्ट बी टायर्ड". शाळेत आपल्याला मस्ट म्हणजे "पाहिजेच" एवढंच शिकवलेलं असतं, त्यामुळे अंदाजाचं मस्ट आपल्या तोंडात येतच नाही. खाली स्कूटर उभी आहे, दाराबाहेर चपला आहेत, तर "घरीच असणार", ही मस्ट बी होम. पुरावा समोर आहे म्हणून मस्ट. पुरावा काहीच नाही, नुसतं वाटतंय, तर "असेलही घरी", ही माइट बी होम. बेल वाजली आणि ह्या वेळेला रोज पोस्टमनच येतो, तर मात्र तिकडेही आपल्यासारखंच "दॅटल बी द पोस्टमन" म्हणतात, पोस्टमन असेल. आपलं असणार, असावा, असेल, असू शकेल हे जसं एकेक पायरी खाली उतरत जातं तसंच त्यांचं आहे. आपण क्रियापदाचं शेपूट बदलतो, ते क्रियापदाच्या आधी एक छोटा शब्द ठेवतात.

आणि नातीला एक सांगा माझ्याकडून. मी लीड्सला तीन वर्षं होते, आमच्या घरमालकीणबाई अस्सल यॉर्कशायरच्या, त्या पावसाला माइटही म्हणायच्या नाहीत, म्हणायच्या "हॅपन इटल रेन". तिकडच्या बोलीत हॅपन म्हणजे कदाचित. "हॅप" म्हणजे योग, नशीब. त्याच्यातूनच "पर्हॅप्स" आला, "हॅपी" आला आणि "मिसहॅप"सुद्धा. मला हे कळलं त्या दिवशी इतका आनंद झाला होता, कारण आपणही "योग असेल तर येईन" म्हणतोच की.

प्रश्न (पुणे, आयटीतला एक वाचक): लंडनच्या क्लायंटकडून मेल आलं, "इट शुड बी रेडी बाय फ्रायडे." मी टीमला सांगितलं की शुक्रवारी त्यांचा भाग पक्का मिळणार. मिळाला मंगळवारी. त्यांनी शब्द पाळला नाही असं म्हणता येईल का?

उत्तर: नाही म्हणता येणार. इथलं "शुड" म्हणजे "सगळं नीट झालं तर व्हायला हवं", ते वचन नाही, हुकूमही नाही. "होऊन जावं शुक्रवारपर्यंत" असं आपण म्हणतो ना, अगदी तेच. पक्कं सांगायचं असतं तर त्यांनी "विल" लिहिलं असतं. असं मेल आलं की सरळ विचारायचं, उशीर कशाने होऊ शकतो, त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

ब्रिटिश लोकांचं अजून एक लक्षात ठेवा. "यू माइट वाँट टु चेक दॅट" हे वाक्य शक्यतेचं दिसतं पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो, हे चुकलंय, तपासा. आणि "दॅट माइट बी अ बिट ट्रिकी" म्हणजे जवळजवळ नकारच. हा त्यांचा खोटेपणा नाही, समोरच्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, जसं आपणही लग्नाच्या आमंत्रणाला "बघतो, जमवतो" म्हणतो आणि बोलावणाऱ्यालाही कळलेलं असतं.

प्रश्न (स्पर्धा परीक्षा देणारी विद्यार्थिनी, लातूर): क्लासमध्ये सांगितलं की मे म्हणजे ५० टक्के आणि माइट म्हणजे ३० टक्के. हे खरं आहे का?

उत्तर: पाठ करायला सोपं जावं म्हणून सांगितलं असेल, पण बोलणाऱ्याच्या डोक्यात असे आकडे नसतात. आजच्या बोलण्यात बरेच जण दोन्ही सारखेच वापरतात. मे टाळण्याचं एक कारण वेगळंच आहे, "यू मे नॉट गो" म्हटलं की परवानगी नाही की जाणं होणार नाही हे कळत नाही, माइट नॉट म्हटलं की तो प्रश्न येत नाही.

शब्दांना आकडे लावायला गेलं की काय होतं ह्याची एक खरी गोष्ट सांगते. १९५१ मध्ये अमेरिकेच्या सीआयएने एक अहवाल दिला, की युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होण्याची "सीरियस पॉसिबिलिटी" आहे. अहवाल करणाऱ्यांत शर्मन केंट होते, आधी येल विद्यापीठात इतिहास शिकवणारे. परराष्ट्र खात्यातल्या एकाने त्यांना विचारलं की म्हणजे नक्की किती, केंट म्हणाले हल्ला होण्याच्या बाजूने ६५, विरुद्ध ३५. विचारणारा दचकलाच, त्याने खूप कमी धरलं होतं. मग केंटनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं तर कुणाच्या मनात २० टक्के होते आणि कुणाच्या ८०! सगळे इंग्रजी बोलणारे, सगळ्यांनी मिळून त्याच वाक्याला मान्यता दिलेली. १९६४ मध्ये केंटनी ह्यावर निबंधच लिहिला आणि शब्दांना आकडे ठरवून द्या असा आग्रह धरला. आज आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती, आपल्या अहवालात तसं करते, "लाइकली" म्हणजे ६६ टक्क्यांच्या वर, "व्हेरी लाइकली" म्हणजे ९० च्या वर. पण ते अहवालात. घरात कुणी "आय विल प्रॉबेबली कम" म्हणालं तर टक्के शोधू नकोस, जेवणाचं एक पान जास्त धर.

प्रश्न (कोल्हापूर, इंग्रजीचे शिक्षक): "मस्ट बी"चं उलट "मस्ट नॉट बी" का नाही?

उत्तर: सर, ब्रिटिश इंग्रजीत मस्टन्ट म्हटलं की मनाईच ऐकू येते. "तो घरी असूच शकत नाही" ला "ही कान्ट बी होम". म्हणजे नकारात आपलं शकणे आणि त्यांचं कॅन जुळतं, पोरांना इथूनच शिकवायला सुरुवात करा, लवकर बसेल डोक्यात. आणि "नसेल घरी" ला "ही माइट नॉट बी होम". "कुडन्ट" मात्र माइट नॉटच्या जागी चालत नाही, "ही कुडन्ट बी होम" म्हणजे परत "असूच शकत नाही". "मेबी" वाक्याच्या सुरुवातीला एक शब्द, "इट मे बी" मध्ये दोन, हेही फळ्यावर एकदा लिहाच.

प्रश्न (ठाणे): मी ऑफिसात म्हटलं "आय डाउट ही टुक द फाइल" आणि सगळे त्याच्याच बाजूने बोलायला लागले. मला तर त्याच्यावर संशय होता!

उत्तर: हे फार जणांचं होतं. "मला शंका आहे त्यानेच नेली" म्हणजे मराठीत नेली असं वाटतं. इंग्रजीत "आय डाउट" म्हणजे नेली नसावी असं वाटतं, बरोब्बर उलट. तुम्हाला "आय सस्पेक्ट" हवं होतं. स्कॉटलंडच्या जुन्या बोलीत मात्र "आय डाउट इटल रेन" म्हणजे पाऊस येणार असंच वाटतंय, म्हणजे तुमचं वाक्य तिथे बिनचूक ठरलं असतं. ऑफिसात कुणी दुखावलं असेल तर नीट सांगून टाका, भाषेपायी माणसं तुटू देऊ नका.

प्रश्न (न्यू जर्सी): इथे सारखं "अपॅरंटली" ऐकते. डिक्शनरीत "वरवर पाहता" असा अर्थ आहे, तो काही लागू पडत नाही.

उत्तर: ताई, डिक्शनरी बाजूला ठेवा आणि तिथे आपलं "म्हणे" घालून बघा. "अपॅरंटली दे आर मूव्हिंग टु टेक्सस", ते टेक्ससला चाललेत म्हणे. मी पाहिलं नाही, ऐकलंय, खरं-खोटं माझ्यावर नाही. "म्हणे" वाक्याच्या शेवटी येतं आणि "अपॅरंटली" बरेचदा सुरुवातीला, एवढाच काय तो फरक.