हरायच्या वर्षांचे पैसे कुठे लिहिलेत?

अरे, तुमच्या कॉलेजची आइस हॉकी टीम मोठ्या कॉन्फरन्समध्ये (म्हणजे कॉलेजांच्या वरच्या लीगमध्ये) न्यायची, हा तुझा मेमो वाचला. मेहनत दिसतेय, ग्राफ छान काढलेस, पण वाचून जीव खालीवर झाला माझा. कमिटीत तू एकटा स्टुडंट, बाकी सगळे वयाने आणि खुर्चीने मोठे, आणि सगळेच म्हणतायत की हॉकी वाढवायची तर मोठ्या कॉन्फरन्समध्ये जायलाच पाहिजे. मग तुला वाटायला लागलंय की आपल्या पोटात गोळा येतोय तो घाबरटपणामुळे. घाबरट वगैरे काही नाहीयेस तू. तुझ्या मेमोत एक पान नाहीये आणि ते तुला आतून कळतंय. वर गेल्यावर पहिली पाच-सात वर्षं आपण तळाला राहिलो, तर ती वर्षं कोण पोसणार, ते पान.

तू एनसीएचसीचं, म्हणजे अमेरिकेतल्या त्या तगड्या कॉलेज हॉकी कॉन्फरन्सचं, उदाहरण दिलंयस ना, मग ते पूर्ण दे की. 2013 मध्ये जुनी सीसीएचए कॉन्फरन्स फुटली तेव्हा वेस्टर्न मिशिगन आणि ओहायोचं मायामी, ही दोन्ही कॉलेजेस एकाच दाराने एनसीएचसीत गेले. आणि त्या वेळी मायामी मोठं नाव होतं, हे विसरू नकोस. 2009 च्या नॅशनल फायनलला शेवटच्या मिनिटापर्यंत 3-1 पुढे होते, मग बॉस्टन युनिव्हर्सिटीने त्या एका मिनिटात दोन गोल मारले आणि ओव्हरटाइममध्ये मॅच नेली, 2010 ला परत फ्रोझन फोर, म्हणजे नॅशनल सेमीफायनल. त्यांची रिंक 2006 ची, नवीकोरी. वेस्टर्नचं लॉसन अरीना 1974 चं. बारा वर्षांनी, त्याच 2024-25 च्या सीझनला, वेस्टर्नने फायनलमध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीला 6-2 हरवून पहिलं नॅशनल टायटल घेतलं आणि मायामीला कॉन्फरन्समध्ये एकही मॅच जिंकता आली नाही. एकही नाही रे. कॉन्फरन्स तीच, वर्ष तेच. तुझ्या मेमोतलं 'मोठ्या कॉन्फरन्समुळे प्रोग्रॅमचा दर्जा वाढतो' हे वाक्य आता मला यातून सिद्ध करून दाखव.

आणि वेस्टर्नचं काही लगेच झालं नाही. एनसीएए टूर्नामेंटमधली (नॅशनल टायटल ठरवणारी स्पर्धा) त्यांची पहिली विन 2022 ची, म्हणजे वर जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. मधल्या काळात कोणीतरी दर बजेटला सही करत राहिलं ना? तुमच्याकडे ती सही कोण करणार आहे, नाव सांग. आत्ताच्या प्रेसिडेंटचं सांगू नकोस, ते तेवढे दिवस असतील कशावरून.

मी ज्या कॉलेजच्या अकाउंट्समध्ये इतकी वर्षं काढली तिथेही असाच उत्साह होता (हॉकी नव्हती, दुसरा खेळ, पण गोष्ट हीच). वरच्या कॉन्फरन्सचं आमंत्रण आलं, केक कापला, नवे जॅकेट्स शिवले. मी मीटिंगमध्ये विचारलं की हरायच्या वर्षांचे पैसे कुठल्या हेडखाली टाकायचे. एवढंच विचारलं होतं. त्यावर मला सांगण्यात आलं की ही निगेटिव्ह मानसिकता आहे. तिसऱ्या वर्षी कोच गेला, चौथ्या वर्षी स्कॉलरशिप कापल्या, आणि ज्या पोरांना 'आपण इतिहास घडवणार' सांगून आणलं होतं ती पोरं चार वर्षं मार खाऊन डिग्री घेऊन निघून गेली. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. मी हट्टी आहे असं लोक म्हणायचे, म्हणू देत, तेव्हा तो प्रश्न मी अजून दहा वेळा विचारला असता तरी बरोबरच होतं, आणि तो कोणी ऐकला नाही याचं दुःख मला आजही आहे.

आता तू म्हणशील ताई, क्विनिपिॲक कॉलेजचं काय. हो, क्विनिपिॲकचं सांगच, कारण ते माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. 2005 ला ॲटलांटिक हॉकी ही छोटी कॉन्फरन्स सोडून वरच्या ईसीएसी कॉन्फरन्समध्ये गेले, 2007 ला स्वतःचं अरीना, आणि ईसीएसीत आल्यावर एनसीएए टूर्नामेंट दिसली ती थेट 2013 ला. कोच 1994 पासून तेच, रँड पेक्नोल्ड. मधल्या वर्षांत त्यांना काढलं असतं तर 2023 ला मिनेसोटाविरुद्ध ओव्हरटाइमच्या दहाव्या सेकंदाला टायटल देणारा तो गोल झाला असता का? सेंट थॉमस कॉलेज घे. 2021 ला डिव्हिजन थ्री, म्हणजे सगळ्यात खालच्या स्तरामधून सरळ वर आले, पहिल्या सीझनला 3 विन, 32 हार. पण घाबरले नाहीत, कारण त्यांच्याकडे देणगीदार होते, एकाच कुटुंबाने अरीनासाठी 75 मिलियन डॉलर दिले. 2025 ला नव्याने सुरू झालेल्या सीसीएचएच्या फायनलपर्यंत गेले आणि आता 2026 पासून एनसीएचसीत चाललेत. कोच कोण माहितीये? रिको ब्लासी. मायामी एनसीएचसीत गेली तेव्हा तिथला कोचही हाच माणूस होता. त्याच्याइतकं हे दुखणं दुसऱ्या कोणाला माहीत नसेल.

म्हणजे जाऊ नका असं मी म्हणतच नाहीये, हे नीट ऐक. अंथरूण पाहून पाय पसरा असलं काही मी सांगत नाही, अंथरूण वाढवता येतं. फक्त हरायच्या वर्षांचे पैसे आधी लिहा. आणि जागेवर बसून राहणं पण सेफ नाही, हेही मेमोत प्रामाणिकपणे लिही. अलाबामा हंट्सव्हिलचं काय झालं बघ. 2019 ला त्यांच्या डब्ल्यूसीएचए कॉन्फरन्समधल्या सात कॉलेजेसनी बाहेर पडतो म्हणून जाहीर केलं, हंट्सव्हिलला कोणी बरोबर घेतलं नाही, दुसरी कॉन्फरन्स मिळेना आणि 2021 ला प्रोग्रॅमच थांबला. तेव्हा तुमच्या आत्ताच्या कॉन्फरन्समधलं कोण कोण निघायच्या तयारीत आहे याची चौकशी आधी कर, मग बाकीचं.

रेटिंगचा (ज्यावरून टूर्नामेंटच्या जागा ठरतात) मुद्दा तू उगाच फुगवलायस. तगड्या टीमशी खेळल्याने गणित सुधारतं, मान्य. पण सीझनला 34 मॅचेस, त्यातल्या कॉन्फरन्सच्या बहुतेक ठिकाणी 24-26, उरलेल्या आठ-दहा तुमच्या हातात आहेत. त्या तगड्या टीमविरुद्ध ठेवा ना, त्यासाठी घर बदलायची काय गरज आहे? एनसीएए टूर्नामेंटच्या सोळा टीम्समधल्या सहा जागा कॉन्फरन्स चॅम्पियन्सच्याच असतात. आरआयटी (रॉचेस्टरचं कॉलेज) 2010 ला ॲटलांटिक हॉकीमधूनच फ्रोझन फोरला गेली होती, आणि तीसुद्धा ॲथलेटिक स्कॉलरशिप न देता.

शिवाय 2025 नंतरचं जग तू धरलंच नाहीस, याचा मला खरंच राग आला. कॅनडाच्या मेजर ज्युनिअरची (तिथली वरची ज्युनिअर लीग) पोरं आता इकडे खेळू शकतात, नवे नियम स्वीकारणाऱ्या कॉलेजेसना 18 स्कॉलरशिपची मर्यादा जाऊन 26 जणांचा रोस्टर (टीमची यादी) आलाय, म्हणजे वरच्या कॉन्फरन्समध्ये तुमच्यासमोर जे असतील ते सगळ्या 26 जणांना पैसे देऊ शकतात. तुम्ही कितींना देणार? तुमचा एखादा पोरगा 20 गोल मारेल आणि सीझन संपला की ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलायच्या यादीत) नाव टाकेल, मग परत पहिल्यापासून. हेही हरायच्या वर्षांतच येतं रे, त्याच पानावर.

चिडले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. बाकीच्यांनी हात वर केले तेव्हा तू थांबून विचार केलास, मला फार बरं वाटलं. आता असं कर, बसचा खर्च, विमानाचा खर्च, वाढीव स्कॉलरशिप, कोचचा किमान सहा वर्षांचा करार, हे सगळं तळाला राहिल्याचं गृहीत धरून मांड, तिकीट विक्री कमी होते तीही धर. मग प्रत्येक ओळीसमोर पैसे कुठून येणार ते लिही. जिथे लिहिता येत नाही तिथे रिकामं सोड, आकडा बनवू नकोस, कमिटीला ती रिकामी जागा दिसू दे. आणि मीटिंगच्या आधी आत्ता फर्स्ट इयरला असलेल्या दोन-तीन प्लेअर्सशी बोल, कारण हे सगळं त्यांच्याच चार वर्षांत होणार आहे. ते काय म्हणतात ते मेमोत घाल, नावं घालू नकोस.

तुझी,
ताई