इंग्लंडात प्लास्टरचा स्वतःचा धंदा : विमा घेण्याआधी

तुम्ही विचारलंत : बायकोला नर्स म्हणून इंग्लंडचा व्हिसा मिळालाय, तुम्ही धायरीतलं जिप्समचं काम आवरून तिच्याबरोबर येताय, इथल्या मावसभावाला हाताशी घेऊन घरांची प्लास्टरची कामं धरायची आहेत, तर सगळ्यात स्वस्त विमा कुठला? मी मूळचा हडपसरचा, लेस्टरला हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जोडीदाराच्या व्हिसावर स्वतःचा धंदा करता येतो, ती काळजी सोडा. स्वस्त-महाग नंतर बघू, आधी मावसभावाचं बघा.

हाताखाली एक जरी माणूस असला तरी इथे 'एम्प्लॉयर्स लायबिलिटी' (कामावर माणसाला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा) विमा सक्तीचा आहे. 1969 चा कायदा आहे तसा. कव्हर किमान 50 लाख पौंडांचं लागतं आणि विम्याशिवाय माणूस ठेवला तर दिवसाला 2,500 पौंडांपर्यंत दंड होतो. लिमिटेड कंपनी काढली नसेल तर जवळच्या नातेवाइकांना सूट आहे : नवरा-बायको, आईवडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, सख्खी-सावत्र भावंडं. मावसभाऊ यात बसत नाही. आपल्या घरात तो भाऊच असतो, पण फॉर्मवर 'ब्रदर' लिहिलंत आणि तो परांचीवरून पडला, तर क्लेम तिथेच अडकेल. 'तो स्वतःचा टॅक्स स्वतः भरतो' हेही पुरत नाही. तुमच्या सांगण्यावरून, तुमच्या मालावर, तुमच्या हत्यारांनी काम करणारा माणूस इथे 'लेबर ओन्ली', म्हणजे विम्यापुरता तुमचा कामगारच. डांगे चौकातल्या अड्ड्यावरून दोन बिगारी उचलायचे आणि संध्याकाळी हिशेब मिटवायचा, ती पद्धत इथे विसरायची.

दुसरा 'पब्लिक लायबिलिटी', म्हणजे तुमच्या कामामुळे दुसऱ्याला इजा किंवा त्याच्या वस्तूंचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. हा सक्तीचा नाही, पण त्याच्याशिवाय बरेच कॉन्ट्रॅक्टर साइटवर उभं करत नाहीत. 10, 20 किंवा 50 लाख पौंडांचं कव्हर मिळतं. नुसती घरगुती कामं असतील तर बहुतेक वेळा 10-20 पुरतं, सरकारी कामाला 50 मागतात. यात एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. छताचा गिलावा सुटून खालचा टीव्ही फुटला, तर विमा टीव्हीचे पैसे देईल. छत पुन्हा करायचा खर्च तुमचाच.

आता ज्याची मला खरी भीती वाटते ते. इथल्या जुन्या घरांच्या छतांवर 'आर्टेक्स'चा खडबडीत थर असतो आणि 'हे खरवडून सपाट करून द्या' असं काम सारखं येतं. आपल्याकडे ॲस्बेस्टॉस (ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते) म्हटलं की पत्रे आठवतात. इथे तो या थरात असू शकतो. बंदी पूर्ण झाली 1999 मध्ये, म्हणून 2000 च्या आधीचं घर असेल तर नमुना लॅबमध्ये तपासल्याशिवाय थापी लावू नका. बऱ्याच पॉलिसींत ॲस्बेस्टॉस सरळ वगळलेला असतो. दोन पॉलिसींची तुलना करताना मी सगळ्यात आधी ते पान उघडतो. त्याच पानावर किती उंचीपर्यंतचं काम चालतं तेही लिहिलेलं असतं.

हत्यारांच्या विम्यात रात्री व्हॅनमध्ये ठेवलेल्या सामानाची अट वाचा. काही कंपन्या व्हॅन बंद आवारात नसेल तर रात्रीची चोरी मानतच नाहीत. नव्याची किंमत मिळणार की घसारा कापून, तेही विचारा. व्हॅनचा विमा वेगळा, आणि तो धंद्यासाठीच्या वापराचा हवा.

राहिलं आजारपण. स्वतंत्र काम करणाऱ्याला इथे सरकारी सिक पे नाही. 'पर्सनल ॲक्सिडेंट' फक्त अपघाताला लागू होतो; खांदा झिजला तर तो उपयोगाचा नाही, त्याला 'इन्कम प्रोटेक्शन' (आजारपणात काम थांबलं तरी ठरावीक पैसे देणारा विमा) लागतं. पैसे कितव्या आठवड्यापासून सुरू होतात त्यावर हप्ता बराच हलतो, म्हणून घरात किती महिन्यांची पुंजी आहे ते बायकोबरोबर बसून आधी ठरवा.

तुलनेच्या साइटवर नुसता हप्ता दिसतो. मावसभाऊ, जुनी छतं आणि कामाची उंची, या तिन्ही गोष्टी ब्रोकरला ईमेलवर लिहून कळवा आणि उत्तरही लेखीच घ्या. ब्रोकरचं नाव एफसीएच्या (इथल्या आर्थिक व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) रजिस्टरवर आहे ना, ते पैसे भरण्याआधी तपासा.