डाव्या हाताचं काम

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा ट्रॅक हेडफोन लावून नीट ऐकला. बीट घट्ट बसलाय, बेसही सुरेख. गुझेंग, ते चिनी तंतुवाद्य, आलं की मात्र मन अडतं. तार छेडलेली ऐकू येते, ती दाबणारा हात कुठेच नाही.

गुझेंगला 21 तारा, प्रत्येकीखाली तिला उचलून धरणारी वेगळी घोडी. नेहमीची मिळवणी सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर. म आणि नि तयार मिळत नाहीत. घोडीच्या डावीकडे तार दाबून गंधारातून मध्यम काढायचा, धैवतातून निषाद. दाब किती द्यायचा, कधी सोडायचा, स्वर किती झुलवायचा, हे सगळं डाव्या हाताचं काम. वादकाची खरी ओळख तिथेच पटते. तू मध्यम सॅम्पलमधून, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या स्वरातून, कीबोर्डची पट्टी दाबून थेट घेतलास. सुरात आहे, पण गंधाराकडून चढत आलेला नाही. मींड वगळलेला दरबारी तुला चालेल का?

तान दुन ऐक. चीनच्या हुनान प्रांतातला हा संगीतकार सांस्कृतिक क्रांतीच्या काळात भातशेतीत राबला, पेकिंग ऑपेराच्या ताफ्यात वाजवत राहिला. बीजिंगची कॉन्झर्व्हेटरी आणि न्यूयॉर्क नंतरचं. 1994 च्या 'घोस्ट ऑपेरा'त स्ट्रिंग क्वार्टेटबरोबर (चार तंतुवाद्यांचा संच) वू मान या वादिकेची पिपा, हे छेडून वाजवायचं चिनी तंतुवाद्य, आहे, शिवाय पाणी, दगड आणि कागदही वाजतात. बाखच्या सुरावटीशेजारी चिनी लोकगीत येतं आणि कुणीच कुणाची सजावट होत नाही. त्याच्याच 2003 च्या 'द मॅप' या रचनेत तर चीनमधल्या म्याओ समाजातली एक बाई पडद्यावर गाते. मुळात हे सवाल-जवाबाचं गाणं. तिला जवाब देतो रंगमंचावरचा चेलो! रेकॉर्ड केलेल्या आवाजाला एवढा मान दिलेला मी क्वचितच ऐकलाय.

तुझ्याकडे गुझेंगच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा नुसता पुन्हा पुन्हा वाजणारा लूप झालाय. तो काढ.

आता गुझेंगवरची एकच चीज धर: 'यूझौ चांगवान', सांजवेळी परतणाऱ्या कोळ्यांच्या गाण्याची. सुरुवातीचा संथ भाग आधी गळ्यातून काढ, हेलकाव्यांसकट. मग गुझेंग रीतसर शिकलेल्या कुणाला तरी गाठ, मानधन दे, क्लिकशिवाय, म्हणजे कानात ठोक्यांची टिकटिक न देता, वाजवू दे. त्यांचं नाव तुझ्या नावाच्या बरोबरीने लाव. बीट नंतर त्यांच्या लयीवर बसव. वेळखाऊ आहे, पण तसंच कर.

तोवर ट्रॅक प्रसिद्ध करू नकोस. नवा टेक झाला की आधी बीटशिवाय पाठव.

तुझे,
सर